वही परत माझ्याकडेच?

मीटिंगला बारा जण, पण मिनिट्स लिहायची वही सरकत सरकत येते माझ्याचकडे, दर वेळी, आणि लिहिता लिहिता माझं बोलायचंच राहून जातं. मी मांडलेला मुद्दा दहा मिनिटांनी शेजारचा बोलला की लगेच 'मस्त पॉइंट!' मघाशी मी बोलले ते कुणाच्या कानावरच पडलं नाही का? प्रमोशनला तर परस्पर ठरवून मोकळे, 'तिचं मूल लहान आहे, तिला प्रवास जमणार नाही.' अरे, विचारा ना एकदा! त्या शेजारच्याचंही मूल लहानच आहे की, त्याचं का नाही आड येत? पहिल्या मुलानंतर बायकांची कमाई मागे पडते हे दाखवणाऱ्या अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिनना २०२३ मध्ये नोबेलसुद्धा मिळालं, आणखी काय पुरावा हवाय? उद्या ती वही मी हातात घेणार नाहीये.