चार तोंडांचा डबा

अँटेना दोन आणि रिगच्या (रेडिओ-संचाच्या) पाठीला भोक एक, हे हॅम लोकांचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचं, सनातन दुखणं. गच्चीवर माझा ४० मीटरचा डायपोल, म्हणजे तारेची अँटेना, आहे (४० मीटर ही रेडिओलहरीची लांबी, तार जेमतेम २०) आणि शेजारी २० मीटरचा व्हर्टिकल, म्हणजे उभी अँटेना. बँड (लहरींचा पट्टा) बदलायचा म्हणजे टेबलाखाली रांगत जाऊन पीएल-२५९ची, म्हणजे केबलच्या टोकाच्या कनेक्टरची, कडी सोडवायची, दुसरी आवळायची. कंबरेच्या डॉक्टरपेक्षा कोअॅक्स स्विच (रिगला हवी ती अँटेना जोडून देणारा डबा) स्वस्त पडेल, असा हिशेब करून पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सची तापकीर गल्ली गाठली.

दुकानदाराने अर्धं वाक्य ऐकूनच डिश टीव्हीचा स्विच पुढे केला. म्हटलं, "हा ७५ ओहमचा. माझं सगळं ५० चं, स्विचही ५० चाच हवाय."

"मग हाच घ्या की साहेब, २५ जास्तच मिळतायत."

या युक्तिवादाला मला आजवर उत्तर सुचलेलं नाही.

संध्याकाळी दोन मीटरच्या बँडवर, आम्हा हॅम लोकांच्या रेडिओ-कट्ट्यावर, विषय निघाला आणि समस्त काकामंडळींना कंठ फुटला. एक म्हणाले, आधी आयसोलेशन विचार, म्हणजे एका पोर्टातलं दुसऱ्यात झिरपणं किती अडतं ते. ६० डीबी (डेसिबल) असेल तर तुझ्या १०० वॅटमधलं ०.१ मिलिवॅट शेजारच्या पोर्टात झिरपेल. ३० डीबीचा घेतलास तर तेच १०० मिलिवॅट, आणि तिथे दुसरा रिसीव्हर जोडलेला असला तर त्याचा राम म्हणायचा. दुसरे म्हणाले, वापरात नसलेला पोर्ट आतल्या आत अर्थिंगला जातो का ते बघ. तिसऱ्यांच्या मते एसओ-२३९ (पीएल-२५९ ज्यात बसतो ते सॉकेट) म्हणजे १९३० च्या दशकातलं खोड, एन कनेक्टरच घे. त्यावर चौथे उखडले, "अरे, सात मेगाहर्ट्झवर, तुमच्या ४० मीटरवर, काय दिवा लागणारे त्याने?" चौथ्यांचं बरोबर होतं. पण तिसऱ्यांनी मला मोर्स शिकवलंय, म्हणून मी गप्प बसलो.

शेवटी एसओ-२३९चाच घेतला, चार पोर्टांचा. आता आरजी-२१३ केबल चांगली बोटभर जाड आणि स्वभावाने हट्टी. तीन केबली आवळल्या आणि डबा उताण्या झुरळासारखा पाय वर करून पडला. प्लायवूडला स्क्रूने ठोकला तेव्हा ताळ्यावर आला.

आणि जे रांगणं टाळायला एवढा खर्च केला, ते काही चुकलं नाही. स्विचचा नॉब अर्थवर ठेवला म्हणजे आभाळातली वीज अदबीने बाजूने निघून जाते असं नाही. वळीव गडगडायला लागला की टेबलाखाली शिरून केबली उपटाव्याच लागतात.

वर आईची साफसफाई. ऐन क्यूएसओत (रेडिओवरच्या गप्पांत) तिने फडक्याने नॉब फिरवला. ट्रान्समिट चालू असताना हात लावायचा नाही, आत ठिणगी पडून कॉन्टॅक्ट जळतात, हे सांगेपर्यंत एसडब्ल्यूआरचा, म्हणजे अँटेनाकडून परत फिरणाऱ्या पॉवरचा, काटा उजवीकडे आपटला आणि रिगने पॉवर टाकून दिली. आई म्हणाली, "धूळ केवढी होती त्यावर!"

अजून दोन पोर्ट रिकामे आहेत. परवा जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. "गच्चीवर आता आणखी काही नाही ना लावणार?"

"छे हो," मी म्हटलं, "नुसता डबा आणलाय."