रोमच्या पडक्या खांबांची चित्रं आणि तो 'चिखलाचा महापूर'वाला फॉरवर्ड

फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड परत फिरतोय. रोमच्या जुन्या चित्रांचा कोलाज, अर्ध्या जमिनीत गेलेल्या कमानी, आणि खाली मजकूर की तेव्हा कॅमेरा नव्हता म्हणजे ही चित्रं हेच त्या काळचे फोटो, अठराव्या शतकात चिखलाच्या महापुरात राक्षसी उंचीच्या माणसांची संस्कृती एका रात्रीत गाडली गेली आणि मग पुरावे पुसले. मामांनी त्यावर हात जोडलेत. मामा, रागावू नका, पण एकेक बघूच.

"चित्रं म्हणजे फोटो." इथेच गाडी रुळावरून उतरते. कोलाजमधलं पानिनी या अठराव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराचं चित्र बघा, पँथिऑन, कलोसियम, ट्रेजनचा स्तंभ सगळे एकमेकांना खेटून, प्रत्यक्षात पँथिऑन ते कलोसियम दीडेक किलोमीटर आहे. याला काप्रिच्चो म्हणतात, म्हणजे मनाने जुळवलेला देखावा, गिऱ्हाईक म्हणजे फिरायला आलेले श्रीमंत युरोपीय, त्यांना अख्खं रोम एका फ्रेममध्ये घरी न्यायचं असायचं. आणि ह्यूबेर रोबेर या फ्रेंच चित्रकाराचं काय करणार? रोममध्ये अकरा वर्षं काढून आलेला हा माणूस १७९६ मध्ये पॅरिसच्या लूव्रची मोठी गॅलरी रंगवतो, छत कोसळलेलं, वर आभाळ, आणि ढिगाऱ्यात बसून एक चित्रकार अपोलोच्या शाबूत पुतळ्याचं स्केच करतोय. लूव्र तेव्हा धडधाकट होतं, आजही आहे, रोबेर स्वतः त्या म्युझियमच्या कामात होता, आणि त्याच वर्षी त्याने तीच गॅलरी दुरुस्त होऊन कशी दिसेल याचंही चित्र मांडलं. चालू इमारतीवर त्याने पुढची कित्येक शतकं आधीच चढवून टाकली, मला तर हे त्याचं सगळ्यात भारी काम वाटतं. फॉरवर्डच्या हिशोबाने मात्र लूव्र १७९६ च्या आधीच पडलं!

"एका रात्रीत गाडलं गेलं." रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची कमान अर्धी गाडलेली होती, खरंय. पण हेमस्केर्क नावाच्या डच चित्रकाराने १५३० च्या दशकातच रोमचे हे अवशेष स्केच केलेत, मग अठराव्या शतकातला महापूर कुठला? टायबर नदीचे पूर, पडक्या भिंतींचा राडारोडा, कचरा, असं हजारेक वर्षं साचत गेलं. ही कमान जिथे आहे त्या फोरमला, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाला, तेव्हा लोक काम्पो व्हाचीनो म्हणायचे, गाईगुरांचं मैदान, क्लोद लोरँ या चित्रकाराने १६३६ मध्ये तेच रंगवलंय. कमानीभोवतीची माती काढली १८०३ च्या सुमारास.

"माणसं एवढीशी, दरवाजे अवाढव्य." रोमच्या अवशेषांची चित्रं छापणारा पिरानेसी माणसं मुद्दाम बारकी काढायचा, अवशेष मोठे दिसावेत म्हणून. आणि देवळाचा दरवाजा कोण स्वतःच्या उंचीच्या मापाने करतं?

"चित्रात झाडं आहेत, आज नाहीत, म्हणजे पुरावे पुसले." यात थोडं तथ्य आहे बरं का. कलोसियमवर खरंच रान माजलं होतं, १८५५ मध्ये रिचर्ड डीकिन या इंग्रज डॉक्टरने तिथल्या ४२० वनस्पतींची यादी छापली, आणि १८७० नंतर पुरातत्त्ववाल्यांनी ते सगळं उपटून काढलं कारण मुळं दगडांत शिरत होती. तेव्हा मामा, पुसलं ते एवढंच, झाडोरा.