उपाशी राहिल्याने डेंग्यूचा विषाणू मरत नाही

‘डेंग्यूत तीन दिवस भात-साखर बंद ठेवा, विषाणू उपाशी मरतो’ हा मेसेज नागपुरात धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंतच्या ग्रुपवर फिरतोय. हे साफ चुकीचं आहे. विषाणू स्वतः काही खात नाही, तो आपल्याच पेशींची यंत्रणा वापरतो. साखर लागते ती त्याच्याशी लढणाऱ्या टी-पेशींना, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींना. एरवी शांत असलेली ही पेशी संसर्ग ओळखताच ग्लुकोज भराभर ओढते आणि ऑक्सिजन असूनही त्यातल्या बऱ्याचशाचं लॅक्टेट (ग्लुकोज अर्धवट तुटून होणारा पदार्थ) करते. झपाट्याने विभागायला लागणारा कच्चा माल त्या वाटेने लवकर मिळतो. संसर्ग सरल्यावर उरणाऱ्या स्मृतिपेशी (तोच विषाणू पुन्हा आला तर ओळखणाऱ्या टी-पेशी) पुन्हा मुख्यतः मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या पेशीतल्या भागांवर चालतात. शिवाय जेवण सोडलं तरी यकृत रक्तातली साखर टिकवतंच. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी पेज, वरण-भात, ओआरएस अजिबात थांबवू नका. डेंग्यूत शरीरातलं पाणी कमी होणं जिवावर बेतू शकतं.