ही लुकलुक बंद करा!
ब्राइटनेस कमी करा, डोळ्यांना आराम मिळेल, हे सांगणं आधी थांबवा! फोनच्या बऱ्याच ओलेड स्क्रीनचा (ज्यांचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) उजेड ब्राइटनेस कमी केल्यावर खरा मंद होतच नाही. ती सेकंदाला शेकडो वेळा, अनेक फोनमध्ये 240 नाहीतर 480 वेळा, चालू-बंद होत राहते. ब्राइटनेस जितका कमी, तितका अंधाराचा क्षण लांब. म्हणजे रात्री जपून वाचायला जावं, तर तेव्हाच त्रास जास्त! दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याचं शटर वेगवान करून बघा, काळे पट्टे सरकताना दिसतील. इकडे कपाळ ठणकतंय, डोळे चुरचुरतायत, आणि सल्ला काय? निळा उजेड कमी करा! अहो, स्क्रीन पिवळी केल्याने लुकलुक थांबते का? डीसी डिमिंग, म्हणजे चालू-बंद न करता वीजप्रवाह घटवून उजेड मंद करणं, काही फोनमध्ये आहे, मग सगळ्यांत का नाही? खोक्यावर मेगापिक्सेल ठळक छापता, तिथे स्क्रीन सेकंदाला किती वेळा लुकलुकते ही फ्रिक्वेन्सी छापायला काय होतं?