शनिवार-रविवारात कासव कसं वाचवावं

सागरी संवर्धनाची मोहीम म्हटली की लोकांना मादागास्कर नाहीतर मालदीव आठवतं. तिकीट परवडत नसेल तर मन खट्टू करू नका. आपल्या रत्नागिरीच्या मंडणगड तालुक्यात वेळास आहे, तिथे समुद्री कासवांची अंडी राखून पिल्लं समुद्रात सोडतात. नाना फडणविसांचं गाव. इंग्रजांना दूर ठेवण्यात नानांची हयात गेली. तुम्हाला समुद्र वाचवायला दोन दिवस पुरतील.

पहिली तयारी कपड्यांची. खिशांची विजार, गळ्यात शिट्टी, पाठीवर कासव छापलेला टीशर्ट. शिट्टीचा उपयोग काय, हे तिकडे कुणी विचारत नाही. प्रवासात मात्र थोडे हाल सोसावे लागतात. माणगावचा ट्रॅफिक, मग बागमांडल्याच्या जेट्टीवर वेसवीला जाणाऱ्या फेरीबोटीची रांग. हे हाल वाटेतूनच स्टेटसवर टाकत चला. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक ऑलिव्ह रिडले जातीची कासव मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्वेचा समुद्र सोडून पश्चिमेला आली, पण वाटेतून एकही अपडेट नाही. प्रसिद्धीची अशी हेळसांड तुम्ही करू नका.

गावात पोचलात की होमस्टेच्या काकूंना आधी नेटवर्कचं विचारा, मग पाण्याचं. घावणे आले की ‘हे ऑथेंटिक आहे ना?’ असं एकदा म्हणून घ्या. काकू दर रविवारी हे ऐकतात, त्यांना सवय आहे.

आता मुख्य काम. पिल्लं सोडण्याची वेळ साधारण सकाळी सात आणि संध्याकाळी सहा. नोव्हेंबर ते मार्च माद्या येतात, एकेक मादी शंभर-सव्वाशे अंडी घालते, पिल्लं बाहेर पडायला दीड ते दोन महिने लागतात. म्हणजे अंडी पुरलेल्या खड्ड्यावरच्या टोपलीखाली काय चाललंय हे फक्त वाळूला माहीत. तरीही कासवमित्राला गाठून विचारा, “दादा, नक्की किती वाजता निघणार?” तो हसून म्हणेल, “बघू, निघतील तेव्हा निघतील.” या उत्तरावर समाधान मानू नका. तुम्ही बुकिंग केलंय. एकही पिल्लू निघालं नाही तर पैसे परत मिळतात का, हेही विचारून ठेवलेलं बरं.

हा कासवमित्र म्हणजे गावातलाच माणूस. हंगामभर तो पहाटेच्या अंधारात किनारा चालत जातो. वाळूवर फरपटल्याचा माग दिसला की तो जपून जातो, भुसभुशीत जागा हाताने चाचपतो, अंडी उलटीपालटी न होऊ देता काढतो आणि कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात परत ठेवतो. हे काही तासांत उरकावं लागतं, आणि कुत्री-कोल्ही पोचायच्या आत. त्या वेळी तुम्ही गाढ झोपेत असाल. असूच द्या. जागे असता तर बॅटऱ्या घेऊन आला असतात, आणि उजेड-माणसं बघून मादी अंडी न घालताच मागे फिरते.

म्हणून तुमचं संवर्धन सातला सुरू होतं. दोरी बांधलेली असेल. दोरी इतरांसाठी असते. तुमच्या मुलाला पिल्लाचा फोटो जवळून हवा असेल तर त्याला खालून पुढे सरकवा, लहान आहे, कोण बोलणार? संध्याकाळी अंधार पडू लागला की फ्लॅश मारायला विसरू नका. पिल्लं जिकडे उजेड जास्त तिकडे जातात. लाखो वर्षं तो उजेड समुद्राचाच होता, आता त्यात थोडी विविधता आली तर काय बिघडलं? एखादं पिल्लू वाळूत अडखळलं की ‘उचलून पाण्यात ठेवा ना हो’ असं कळवळून म्हणा. त्याला स्वतः चालू द्यायचं असतं, जन्माच्या वाळूशी त्याची ओळख तिथेच होते असं जाणकार मानतात. पण तुमचा कळवळा व्हिडिओत चांगला येतो.

२००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या भाऊ काटदऱ्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे काम सुरू केलं, तेव्हा घरटी लुटली जात होती. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, पाहुणे आले, घरोघरी चार पैसे आले, आणि अंड्यांपेक्षा पिल्लांची किंमत जास्त झाली. तेव्हा तुमच्या येण्याने कासवं वाचतात, यात शंका नाही. खरं तर तुमच्या राहण्या-जेवण्याच्या पैशांनी वाचतात, पण पैसे एकटे येत नाहीत, त्यांच्याबरोबर तुम्हाला घ्यावंच लागतं.

तुमच्यापेक्षा कमी हौशी स्वयंसेवकही या किनाऱ्यावर आहेत. जाळ्यात कासव आलं की कोळी जाळं कापतो. डिसेंबर २०१८ पासून सरकार त्याला जाळ्याची जास्तीत जास्त २५ हजार रुपये भरपाई देतं, त्यासाठी सुटकेचे फोटो द्यावे लागतात. बोट हलतेय, हाताखाली कासव धडपडतंय, एका हातात सुरी, दुसऱ्यात मोबाइल. त्याच्या फोटोत चौकट तिरकी येते, माणूस घामेजलेला दिसतो, मागे सूर्यास्तही नसतो. असे फोटो कुणी शेअर करत नाही. तुमचे करतात.

परतताना सरळ घरी जाऊ नका. दापोलीकडून वळसा घालून हर्णैला थांबा, संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघण्यासारखा असतो. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं आणि ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढत नेण्याच्या जाळ्यात अडकलं की ते बुडून मरतं. जाळ्याला त्याच्या सुटकेचं दार बसवता येतं. ते आपल्याकडे नीट बसवलं जात नाही म्हणून अमेरिकेने २०१९ मध्ये भारताची समुद्रातली कोळंबी घेणं थांबवलं. त्यांचं ठीक आहे, त्यांना वेळास कुठे माहीत? तुम्ही दोन दिवस राबून आलात. कोळंबी कुठल्या जाळ्यातली, असलं काही विचारत बसू नका. भाव पाडून घ्या आणि बर्फ सढळ घालायला सांगा, म्हणजे पुण्यापर्यंत टिकते.