दोन पियानोवादक आणि एक छायाचित्र

विख्यात पियानोवादकांच्या भेटींची जुनी छायाचित्रे मी वाचलेल्या एका लेखात एकत्र पाहायला मिळाली, याबद्दल त्या लेखाच्या लेखकाचे मनापासून आभार. मी सर्वाधिक वेळ थांबलो तो 1942 साली वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओत टिपलेल्या रशियन रचनाकार-पियानोवादक सर्गेई रखमानिनोव्ह आणि पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झ यांच्या छायाचित्रापाशी. त्याखाली केवळ नावे आणि वर्ष दिले आहे. मागचा संदर्भही यायला हवा होता, असे मला प्रामाणिकपणे वाटते. जानेवारी 1928 मध्ये, न्यूयॉर्कमधील आपल्या पहिल्या मैफलीच्या काही दिवस आधी, चोवीस वर्षांचे होरोविट्झ स्टाइनवे या पियानो कंपनीच्या स्टाइनवे हॉलच्या तळघरात रखमानिनोव्ह यांना प्रथम भेटले, आणि तिथे त्यांनी रखमानिनोव्ह यांचाच तिसरा पियानो कॉन्चेर्टो (एकल पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) वाजवला, तेव्हा वाद्यवृंदाचा भाग दुसऱ्या पियानोवर स्वतः रचनाकारच वाजवत होते. ही रचना 1909 मध्ये ज्यांना अर्पण केली होती, त्या पियानोवादक योसेफ हॉफमन यांनी ती जाहीर मैफलीत कधीच वाजवली नाही, हेही इथे आठवते. त्या तळघरात जुळलेला स्नेह पुढे टिकला. डिस्ने स्टुडिओतील छायाचित्रानंतर वर्षभराच्या आतच, 28 मार्च 1943 रोजी, रखमानिनोव्ह यांचे बेव्हर्ली हिल्स येथे निधन झाले. हे ठाऊक असल्यामुळे त्या छायाचित्रावरून माझी नजर लवकर हटली नाही.