तळणाच्या तेलाची पाठवणी

तळण संपलं. मंडळी ताटावर बसली आणि ओट्यावर कढई तेवढी उरली. तळाशी दोन बोटं तेल, त्यात जळके कण. आता हे टाकायचं कुठं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तुमच्याकडे वेळ फार आहे. समोर सिंक आहे, सिंकला भोक आहे. ते काय शोभेला ठेवलंय?

पथ्य एकच. तेल गरम असतानाच ओतायचं. गार होऊ दिलंत की विचार करायला सवड मिळते, आणि माणूस विचार करायला लागला की रिकामी बाटली शोधू लागतो. गरम तेल कसं पाण्यासारखं सळसळत जातं, मागं वळून बघत नाही. तळणाचं तेल 175 अंशांच्या आसपास असतं आणि सिंकखालची पीव्हीसीची नळी 80 अंशांच्या आगेमागेच मऊ पडायला लागते, ही तक्रार नळीची आहे. तिनं थोडं जुळवून घ्यायला हवं.

मग नळ सोडा, गरम पाण्याचा. भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाका. साबणानं तेल विरघळतं, असं छातीठोकपणे सांगणारं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतं. आमच्या घरात तो मी होतो. प्रत्यक्षात साबण तेलाचे बारीक बारीक थेंब करतो आणि त्यांना पाण्यात तरंगत ठेवतो, एवढंच. पुढं पाणी गार होतं, साबणाचा जोर ओसरतो आणि ताटातूट झालेले थेंब पुन्हा एकमेकांना बिलगतात. पण ही भेट तुमच्या सिंकखाली होत नाही, दोन मजले खाली कुठल्यातरी वळणावर होते. म्हणजे तुमच्यापुरता प्रश्न सुटला की नाही?

मजल्यांवरून सांगतो, घर घेताना वरचं घ्या. सगळ्या स्वयंपाकघरांचं सांडपाणी एकाच उभ्या पाइपात उतरतं, तुंबतं ते पायथ्याशी, आणि तिथं अडलेलं पाणी वर चढून पहिलं जे तोंड सापडेल त्यातून बाहेर येतं. ते तोंड तळमजल्याच्या सिंकचं असतं. आमच्या इमारतीत तिथं एक काकू राहतात. त्या तेल गार करतात, गाळतात, बाटलीत भरतात, बाटलीवर तारीखसुद्धा टाकतात. असल्या माणसांच्या सिंकमधून माझं तेल उगवतं. देव कुणाला काय देईल, सांगता येत नाही.

एकदा मात्र चुकून माझंच सिंक तुंबलं. प्लंबर आला, आडवा पडला, सिंकखालचा वाकडा ट्रॅप त्यानं पिळून सोडवला आणि वर्तमानपत्रावर उपडा केला. आतून थप्पकन जे पडलं ते तेल नव्हतं. पिवळट-करड्या रंगाचा, ओल्या मेणासारखा, बोटानं दाबला तर खड्डा पडेल असा गोळा होता. वास खवट आणि कुबट, दोन्ही. प्लंबरनं तो स्क्रूड्रायव्हरनं फोडला, तर आत केस, भाताची शितं आणि एक चहाचा चमचा.

“साहेब, यात ओतता काय तुम्ही?”

“काही नाही हो. पाणी.”

चमचा मी ओळखला होता. तो हरवला म्हणून चार वर्षं मी एका पाहुण्यावर संशय धरून होतो.

पण तुम्ही असल्या चिल्लर गोळ्यावर समाधान मानू नका. गटारात गेल्यावर तेलातली मेदाम्लं सुटी होतात, त्यांना काँक्रीटमधलं कॅल्शियम भेटतं आणि दोघांचा मिळून दगडासारखा कडक साबण जमतो. त्यावर कमोडमध्ये टाकलेली वेट वाइप्स अडकली की बांधकाम पक्कं. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 2017 मध्ये असाच एक गठ्ठा सापडला, 250 मीटर लांब आणि अंदाजे 130 टन वजनाचा. तो फोडून काढायला नऊ आठवडे लागले. त्याचा एक तुकडा पुढच्या वर्षी तिथल्या संग्रहालयात काचेच्या पेटीत मांडला होता, आणि पेटीतल्या पेटीत त्यातून माशाही निघाल्या. आपल्या हातचं कुणी संग्रहालयात ठेवावं अशी कढईसमोर उभ्या राहणाऱ्या कुणाला आशा असते? इथं ती वाट खुली आहे. नुसतं ओतत राहायचं.

‘चमचाभर तेलानं काय होतंय’ म्हणणाऱ्यांसाठी बेंजामिन फ्रँकलिनची साक्ष काढतो. लंडनमधल्याच क्लॅपहॅमच्या तळ्यात त्यानं चमचाभर तेल टाकून पाहिलं. तवंग पसरत पसरत जवळपास अर्धा एकर पाणी आरशासारखं गुळगुळीत झालं. 1774 मध्ये हे छापूनही आलं. त्याला बिचाऱ्याला शास्त्र करायचं होतं. आपण दर तळणाला वाटीभर सोडतो आणि कुणी दोन ओळी छापत नाही.

सिंक नको असेल तर कुंडी आहे. तेलानं मातीच्या कणांवर थर चढतो, वरून घातलेलं पाणी आत न मुरता बाजूनं निघून जातं, मुंग्या मात्र आनंदानं येतात. कंपोस्टच्या डब्यातही ओतून बघा. हवा कोंडली की जो वास सुटतो त्यानं पाहुणे आपोआप कमी होतात. कमोडबद्दल वेगळं काय सांगायचं, पाइप शेवटी त्याच गटाराला जातो.

किंवा टाकूच नका. तेच तेल पुन्हा तापवा, पुन्हा तापवा, काकवीसारखं दाट होऊन डोळ्यांना झोंबेपर्यंत तापवा. दर खेपेला ते जरा कमी तापमानाला धूर सोडतं आणि कधीतरी धुराच्या पुढं जाऊन पेटतं. आगीत तेल ओतणारे गल्लोगल्ली भेटतात. पेटल्या तेलात पाणी ओतणारा मात्र एकदाच भेटतो, कारण पाणी जड, ते तेलाखाली जातं आणि क्षणात वाफ होऊन सुमारे 1700 पट फुगतं, वरचं पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. (इथं मला विनोद सुचत नाही. गॅस बंद करायचा, वर घट्ट झाकण ठेवायचं, कढई हलवायची नाही.)

आता त्या तळमजल्याच्या काकूंचा पंथ. सावध राहा म्हणून सांगतो, कारण ही माणसं फार शांतपणे बोलतात. त्या कढई झाकून तशीच सोडून देतात, दोन तास, कधी रात्रभर. मग जाळीच्या गाळण्यातून तेल खाली घेतात. साफ निघालं तर एकदोनदा फोडणीला वापरतात, आणि रंग काळपटला, फेस धरायला लागला की झाकणाच्या बाटलीत. बाटली भरली की वापरलेलं तेल गोळा करणाऱ्याला देतात. त्यातून बायोडिझेल होतं म्हणे, आणि हे म्हणे खरं आहे. घेणारं कुणी नसेल तर जुन्या कागदात किंवा लाकडाच्या भुशात जिरवून, पिशवी बांधून कचऱ्यात. एरंडेलापासून केलेली एक पूडही मिळते, ती गरम तेलात ढवळली की गार होताना तेल वडीसारखं थिजतं आणि उचलून टाकता येतं. आणि कढईला लागलेलं तेल? ते घासण्याआधी वर्तमानपत्राच्या तुकड्यानं पुसून घेतात. एक तुकडा, अर्धं मिनिट. मी मोजलंय, त्यांच्या दारात उभा राहून. माझ्या प्लंबरला अडीच तास लागले होते.

पण अर्धं मिनिट तरी आपल्याकडे कुठं असतं? आत्ताचंच बघा. हे लिहायला बसण्याआधी मी कढई रिकामी करून आलो, गरमागरम. गरम पाणी सोडलं, साबण सोडला, सगळं कसं छान गडगडत खाली गेलं.

बेल वाजली. दारात काकू, पदर खोचलेला, हातात बादली आणि पोतेरं.

“काय हो, आज तुमच्याकडे तळण होतं वाटतं?”